चार हातांचा ऑपरेटर

चाकणला कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाला रोज सकाळी माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो. संध्याकाळी बसमध्ये बसलो की मी तो नखाने खरवडतो, पण चिकटपणा थोडा उरतोच. त्यामुळे तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकचे माझे फोटो देवादिकांसारखे निघतात. एकेका ट्रकच्या दिव्याभोवती प्रभावळ!

अशा माणसाला दाजींनी फोटोग्राफर ठरवलं. भोसरी एमआयडीसीत त्यांचा गाळा आहे. नव्या गिऱ्हाइकाला पाठवायला फोटो हवा होता. "आतल्या मशिनी दिसल्या पाहिजेत आणि दारातला नवा टेम्पोपण. एकाच फोटोत हं."

दाजींना वाटलं, सोपं सांगितलं. पण गाळ्याच्या एका टोकाला उघडं शटर आणि दुपारचं रणरणतं ऊन. दुसऱ्या टोकाला लेथ आणि म्हातारी ट्यूबलाइट. आपल्या डोळ्याला ह्याचं काही वाटत नाही. बाहेर पाहिलं की बाहुली आकसते, आत पाहिलं की पसरते, मधलं जोडकाम मेंदू गुपचूप उरकतो. कॅमेऱ्याला ते जमेना. टेम्पो नीट आला की लेथ काजळीत बुडायची, लेथ दिसली की टेम्पो पांढराफटक, जणू गाळ्याचं शटर थेट स्वर्गात उघडतं.

दुखणं जुनंच आहे. 1850च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरला समुद्र आणि आभाळ एका काचेवर मिळेना; त्यानं दोन निगेटिव्ह जोडून एक फोटो छापला. एकच आभाळ त्यानं वेगवेगळ्या समुद्रांवरही वापरलं म्हणे. मोशी-चिखलीतली फ्लॅटची होर्डिंग पाहिली की हा गृहस्थ आपल्याकडे अजून नोकरीला आहे असं वाटतं. पुढे 1997 साली पॉल डेबेवेक आणि आपल्या कानपूर आयआयटीतून शिकून गेलेले जितेंद्र मलिक यांनी असे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडण्याचं नेमकं गणित मांडलं. 2010मध्ये हेच जोडकाम एचडीआर नावानं आयफोनमध्ये आलं. आता तर कित्येक फोन बटण दाबताच पाच-दहा काळपट फोटो भराभर काढतात, एकावर एक बसवतात आणि वर साळसूदपणे एकच दाखवतात.

माझ्या फोनचा डिंक आठवून मी जुना डीएसएलआर ट्रायपॉडवर चढवला. तीन फोटो: एक दोन स्टॉप कमी, एक बरोबर, एक दोन स्टॉप जास्त. एका स्टॉपला प्रकाश दुप्पट, म्हणजे पहिल्या-शेवटच्यात सोळा पट फरक. अट एकच, समोरचं काही हलता कामा नये.

"काका, जरा स्थिर उभे राहा."

"जॉब लावलाय," लेथवरचे काका मागे न बघता म्हणाले. "मशीन थांबवायची तर शेठला विचारा."

शेठ म्हणजे दाजी. ऑर्डर निघायची होती, त्यांनी मान हलवली.

रात्री लॅपटॉपवर तिन्ही फोटो जोडले. टेम्पो आला, लेथ आली, आभाळ तर भोसरीनं कधी पाहिलं नसेल इतकं निळं. आणि काकांना चार हात. दोन हँडलवर, एक कूलंटच्या नळीवर, एक हवेतच.

दाजी खूश. "असा एक माणूस मिळाला तर सेकंड शिफ्टच नको!"

काकांनी दुसऱ्या दिवशी फोटो चष्म्याच्या वरून पाहिला. "पगारपण चार हातांचा धरा मग."

जादाचे हात पुसायला तासभर गेला. मग उत्साहाच्या भरात मी शॅडोजचा स्लायडर टोकापर्यंत ओढला. मागचा अंधारा कोपरा हळूहळू उजळला: खंडेनवमीचा सुकलेला झेंडूचा हार, खुंटीला काकांचा डबा, आणि त्याखाली काठोकाठ भरलेली रिजेक्शनची लाल पेटी.

दाजी स्क्रीनजवळ वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"झकास आलाय रे," ते म्हणाले. "फक्त तो कोपरा परत काळा कर."