बारा टाक्यांचं पाणी

बारा गावचं पाणी प्यायलेल्या माणसाला आपल्याकडे बेरकी म्हणतात. आमचे अण्णा बारा काय, बावीस गावं हिंडले, पण पाणी कुठलंच प्यायले नाहीत. प्रत्येक ठिकाणी त्यांना शंका आली. त्याऐवजी ते गडांवरच्या टाक्यांचं पाणी प्यायले. तेही गाळून, निवळून, उकळून, थेंब टाकून आणि घड्याळ लावून. तोंडावर आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पाठीमागे पाणाड्या. खेड्यातला पाणाड्या हातात नारळ धरून जमिनीखालच्या पाण्याची खात्री देतो. अण्णा डोळ्यांसमोरच्या पाण्याचीही देत नाहीत, एवढाच काय तो फरक.

याचं मूळ नोकरीत आहे. अण्णा पस्तीस वर्षं बँकेत रोखपाल होते. हातात आलेली नोट आधी उजेडात धरायची, मग अंगठ्यानं चाचपायची, मग देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, हा त्यांचा क्रम. निवृत्तीनंतर नोटा गेल्या आणि बाटल्या आल्या, क्रम तोच राहिला. टाक्यातून भरलेली बाटली ते सूर्यासमोर धरतात, एक डोळा मिटतात आणि आतमध्ये चंदेरी तार सापडते का ते बघतात. मग बूच उघडून वास घेतात. मग ज्यानं बाटली भरली त्याच्या तोंडाकडे बघतात. त्या नजरेनं भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलं आहे.

अण्णांचा खरा हंगाम हिवाळा. पावसाळ्यात सह्याद्रीत पाण्याला तोटा नाही. उन्हाळ्यात पाणी नसतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यामुळे त्यांचं कोणी ऐकायला थांबत नाही. फसवतो तो हिवाळा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमची दोन दिवसांच्या ट्रेकची बैठक भरते आणि दरवर्षी कोणीतरी नवा भिडू म्हणतो, ‘‘थंडीत पाणी कशाला वाहायचं? तहान तर लागतच नाही.’’ अण्णा या वाक्याची वाटच बघत असतात.

‘‘तहान लागत नाही,’’ ते म्हणतात, ‘‘पाणी लागतं.’’

आणि मग व्याख्यान. गार वाऱ्यात घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो. प्यायची आठवण होत नाही. दुपारी डोकं दुखायला लागलं की माणूस चहा मागतो, पाणी मागत नाही. शिवाय सह्याद्रीचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. दिवाळीच्या सुमारास जो ओढा ओलांडताना बूट भिजतात, तोच जानेवारीत विचारतो, ओळखलंत का? तोवर त्याचं वाहणं थांबलेलं असतं, उरतात ती डबकी, आणि त्यातलं एक म्हशीनं आधीच बुक केलेलं असतं.

ट्रेकच्या जुन्या माहितीपुस्तकांशी अण्णांचं उभं वैर आहे. त्यांत गडाच्या नावापुढे ‘बारमाही पाणी’ असं लिहिलेलं असतं. अण्णा तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढतात. ‘‘बारमाही लिहिणारा स्वतः कोणत्या महिन्यात आला होता, ते लिहा ना! जुलैत येऊन भिजून गेला असेल. मे महिन्यात गडावर चढून बारमाही लिहून दाखवा.’’

यावर आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नसतं.

गेल्या जानेवारीत आम्ही खिरेश्वरहून टोलार खिंडीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर निघालो. पायथ्याला अण्णांनी सगळ्यांच्या बाटल्या एका ओळीत मांडायला लावल्या आणि आरंभीची शिल्लक वहीत लिहून घेतली. होय, वही आहे. तारीख, ठिकाण, रंग, वास, प्रक्रिया, शेरा, असे रकाने आखलेली. माणशी चार लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे चार लिटर ऐकून नव्या भिडूचे खांदे पाणी भरायच्या आधीच खाली आले. अण्णांनी तोडगा सांगितला: त्यातलं लिटरभर इथेच प्या. ‘‘पोटातल्या पाण्याला पट्टे लागत नाहीत, खांद्याला काचत नाही.’’ आम्ही प्यायलो. पुढचा तासभर दर वळणावर कोणी ना कोणी झुडपाआड जात होतं. अण्णा थांबून मोजत होते. खर्चही लिहावा लागतो म्हणे.

खिंडीत बसलो तेव्हा त्यांनी रामचंद्रपंत अमात्य काढले. आज्ञापत्र ही अण्णांची पोथी आहे, पण त्यातलं फक्त दुर्गांचं प्रकरण, आणि त्यातलाही पाण्यापुरता भाग. तीनशे वर्षांपूर्वी अमात्यांनी लिहून ठेवलं आहे की गड बांधायच्या आधी पाणी बघावं, नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करावीत, आणि एखादा झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो.

‘‘पण अण्णा,’’ मी म्हणालो, ‘‘आपल्यावर तोफा कोण डागणार?’’

खालच्या वळणावरून ढोलाचा ठेका आणि पाठोपाठ कोणतंसं गाणं वर आलं. पंचवीस-तीस पोरांचा एक ग्रुप स्पीकर घेऊन चढत होता.

‘‘आला तोफखाना,’’ अण्णा म्हणाले आणि घाईघाईनं पाठपिशवी उचलली. झरा आटायच्या आत वर पोचायचं होतं.

गडावरच्या पाण्याचे अण्णांनी तीन वर्ग केले आहेत: प्यायचं, धुवायचं आणि फोटोचं. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळची सप्ततीर्थ पुष्करणी फोटोचं. केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच धड उरला आहे आणि भल्या मोठ्या शिवलिंगाभोवती कमरेएवढं बर्फगार पाणी आहे. तेही फोटोचंच, कारण त्यात उतरून लोक प्रदक्षिणा घालतात. ‘‘ज्या पाण्यात पन्नास जणांचे पाय पवित्र झाले, ते देवाला चालतं. मला चालत नाही.’’ प्यायचं पाणी ते कातळात खोदलेल्या, सावलीतल्या टाक्यातच शोधतात. टाकं नुसतं दिसून भागत नाही. काठावर साबणाची वडी किंवा राखेनं घासलेल्या भांड्यांची खूण आहे का, वरच्या अंगाला कोणी चूल मांडलीय का, पाण्यावर तवंग आहे का, सगळं बघतात. काचेसारखं नितळ पाणी दिसलं की उलट जास्तच घाबरतात. बनावट नोटसुद्धा कोरी करकरीत असते, असं त्यांचं म्हणणं. रोगाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, हे त्यांचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं आहे.

टाक्यातून पाणी काढायची रीतही ठरलेली. आत हात घालायचा नाही, पाय तर नाहीच. बाटलीच्या गळ्याला दोरी, बुडाशी छोटा दगड, आणि वरचा तवंग हलक्या हातानं बाजूला सारून बाटली बुडवायची, पण तळाचा गाळ उठेल इतकी खोल नाही. एकदा दुसऱ्या एका गडावर पाणी इतकं खाली गेलं होतं की दोरी हातभर कमी पडली. अण्णांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि शांतपणे स्वतःच्या पायजम्याचा नाडा काढून दोरीला जोडला. पाणी आलं. उरलेला गड अण्णांनी एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात पायजमा धरून बघितला. नाडा बाटलीत बुडाला होता का, या प्रश्नावर त्यांनी आजवर उत्तर दिलेलं नाही.

हरिश्चंद्रगडावर मात्र दोरी पुरली. मग चार पदरी जुनं सुती धोतर बाटलीच्या तोंडावर, मग क्लोरीनचे थेंब, मग अर्धा तास. पाणी गार असेल तर आणखी थोडा वेळ, कारण थंडीत औषधालाही आळस येतो. या अर्ध्या तासात अण्णा कोणाला बाटलीला हात लावू देत नाहीत. दहा तहानलेली माणसं बाटल्यांभोवती, अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाईक बसतात तशी बसलेली असतात. मध्येच अण्णा उठतात, बूच किंचित सैल करतात, बाटली उलटी करतात आणि दोन थेंब बाहेर सांडू देतात. बुचाच्या आट्यांत अडकलेलं पाणी तसंच कच्चं राहतं आणि ओठ नेमके तिथेच लागतात, म्हणून. हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि आता घरी कोणी बघत नसताना करतो.

रात्री उकळण्याचा कार्यक्रम. बुडबुडे येणं म्हणजे उकळणं नव्हे. खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट. अण्णा साठ आकडे नोटा मोजल्यासारखे मोजतात, मध्ये बोट जिभेला लावून ओलं करतात. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं उकळावं लागतं, असं कुठेतरी वाचल्यापासून ते थोडे खट्टू आहेत. ‘‘महाराष्ट्रात ती सोयच नाही,’’ ते म्हणतात. कळसूबाईच मुळी १,६४६ मीटर. राज्यातल्या सर्वांत उंच जागीसुद्धा एका मिनिटावर समाधान मानावं लागतं.

हेच अण्णा शहरात परतले की एस. टी. स्टँडसमोर पाणीपुरी खातात. मी एकदा विचारलं, हे पाणी कुठलं? ‘‘ते पाणी नव्हे,’’ अण्णा म्हणाले, ‘‘तो मसाला.’’ आणि सहावी पुरी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचनईच्या बाजूनं उतरलो. वाटेत कालचा तोफखाना कातळावर आडवा पडला होता. स्पीकर मुका. बाटल्या रिकाम्या. एक पोरगा ओठ चाटत म्हणाला, ‘‘काका, पाणी आहे का हो?’’ अण्णांनी आधी स्पीकर हातात घेऊन तोलला. ‘‘दोन किलो असेल. दोन लिटर पाणी आलं असतं.’’ मग ते खाली बसले आणि आपल्या बाटल्या एकेक करून पोरांत वाटल्या. प्रत्येकाला ओतताना वहीत बघून सांगत होते: हे टाक्याचं, गाळलेलं, सहा थेंब, पस्तीस मिनिटं. पोरं ऐकत नव्हती, पीत होती. शेवटची बाटली संपली तेव्हा अण्णांनी वहीत शिल्लक शून्य लिहिली आणि आमच्याकडे बघितलं. आमच्याही बाटल्या केव्हाच संपल्या होत्या.

पाचनईत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पहिल्याच घराच्या ओट्यावर टेकलो. आतून एक म्हातारी आली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि न बोलता परत गेली. बाहेर आली ती पितळी तांब्या घेऊन. तिनं तो थेट अण्णांच्या हातात दिला. ‘‘आधी पानी प्या बाबा. उन्हातून आलात.’’

अण्णांचा हात सवयीनं वर गेला, तांब्या सूर्यासमोर आला. पितळी तांब्यातून काय दिसणार? अण्णांनी एक डोळा मिटलेलाच होता. तसंच त्यांनी म्हातारीच्या तोंडाकडे बघितलं, नोट देणाऱ्याकडे बघायचे तसं. ती त्यांच्याकडेच बघत होती, पाणी आवडतंय का या काळजीनं. दुसरा डोळा कधी उघडला कळलं नाही. अण्णांनी तांब्या उंच धरला आणि वरून धार लावून घटाघटा सगळा रिकामा केला.

‘‘विचारलं नाहीत कुठलं ते?’’ परतताना जीपमध्ये मी हळूच म्हणालो.

‘‘दारात बसून विचारतात का असलं काही?’’ अण्णा खेकसले. पण पुढचा तासभर ते पोटावर हात ठेवून, मुदत ठेव पिकायची वाट बघत असल्यासारखे बसले होते. काही झालं नाही. मग त्यांना डुलकी लागली आणि मांडीवरची वही घसरून माझ्या पायाशी आली. शेवटची नोंद वाचली. ठिकाण: पाचनई. रंग: दिसला नाही. वास: पितळेचा. प्रक्रिया: निरंक. आणि शेऱ्याच्या रकान्यात, रोखपालाच्या सुबक अक्षरात: ‘गोड. दुसरा तांब्या मागायचा संकोच केला.’