एका देहाचे चार डॉक्टर

मूळव्याधीची मलमं लावून झाली, कुटजारिष्टाच्या बाटल्या रिकाम्या झाल्या, शेवटी कोलोनोस्कोपी झाली आणि कागदावर नाव आलं: अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची संरक्षण यंत्रणा शत्रू सोडून स्वतःच्याच मोठ्या आतड्यावर चालून जाते, अस्तराला जखमा होतात, रक्त आणि आव पडते. हा आजार मुळापासून जात नाही, औषधांनी ताब्यात राहतो. एवढंच असतं तर हे मार्गदर्शन लिहावं लागलं नसतं. पण हा आजार बरेचदा गोतावळा घेऊन येतो.

धडा पहिला: औषध. रोजच्या मेसालामाइनच्या गोळ्या सोप्या. एनिमा मात्र रात्री, डाव्या कुशीवर पडून घ्यायचा असतो. त्या वेळेला शेजारीण विरजण मागायला येते. दार उघडू नये.

भडका उडाला की स्टिरॉइड सुरू होतं. सकाळी खाल्ल्यावर घ्या. मध्यरात्री तुम्ही चिवड्याचा डबा शोधाल, हे नॉर्मल आहे. चेहरा गोल होईल आणि लग्नात भेटलेली मावशी म्हणेल, ‘आता कशी तब्येत भरली गं!’ तिला थँक्यू म्हणा. मात्र बरं वाटतंय म्हणून स्टिरॉइड मनाने बंद करू नका. ते डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळूच उतरवायचं असतं. इथे विनोद नाही.

धडा दुसरा: कंबर. सकाळी पाठ लाकडासारखी, चालल्यावर मोकळी, आराम केला की पुन्हा जास्त. याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात आणि त्याचे डॉक्टर वेगळे. ते डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळी लिहितात. पोटाचे डॉक्टर ती खोडतात, कारण अशा गोळ्यांनी आतडं भडकू शकतं. ‘त्यांना विचारून घ्या,’ असं दोघंही म्हणतात. विचारायचं तुम्हीच. त्यांचा एकमेकांशी असलेला सगळा पत्रव्यवहार तुमच्या पिशवीत असतो.

सल्फासॅलाझिनवर दोघांचंही एकमत होऊ शकतं. स्वीडनमधल्या डॉक्टर नाना स्वार्ट्झ (या बाई होत्या) यांनी 1940 च्या सुमारास हे औषध संधिवातासाठी म्हणून पुढे आणलं आणि गुण आला तो आतड्याला. तुमच्या गुडघ्यांना ते मानवेल. मणक्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. मग बायोलॉजिक इंजेक्शनांची गोष्ट निघते. अडालिमुमॅब सांधे आणि आतडं दोन्हीकडे चालतं, एटानरसेप्ट सांध्यांना चालतं पण आतड्याला नाही. म्हणून सांध्यांच्या डॉक्टरांनी पेन उचललं की आतड्याची आठवण करून द्यावी. शिवाय आधी अंगात टीबी लपून बसलेला नाही ना, हे तपासतात. आपल्याकडे ही तपासणी टाळायची नसते. किमतीबद्दल घरी गेल्यावर, पाणी पिऊन बोला.

धडा तिसरा: साखर. स्टिरॉइडने वाढवली की आधीपासून दबा धरून होती, यावर चर्चा होत राहील. साखरेचे डॉक्टर मोड आलेली मटकी, पालेभाजी, सालासकट पेरू सांगतील. भडक्यात पोटाचे डॉक्टर मऊ भात सांगतील. दोन्ही तक्ते फ्रिजवर लावा आणि आतडं त्या दिवशी कुणाच्या बाजूने आहे ते बघून जेवा. मेटफॉर्मिनने कित्येकांना जुलाब होतात. तेव्हा पाचव्यांदा जाऊन आल्यावर हे जुलाब कोणत्या खात्याचे, हा प्रश्न उभा राहतो. दोन्ही खाती ते दुसऱ्याचे म्हणतात. गोळी कधी सुरू झाली, कधी वाढवली आणि त्रास कधीपासून, हे वहीत लिहून ठेवा. या वहीपुढे मोठमोठे स्पेशालिस्ट नमतात.

रक्त जात राहिलं की लोहाची गोळीही येते आणि तिने शौचाला काळं होतं. घाबरण्याआधी ती चालू आहे का आठवा, चालू नसेल तर लगेच फोन करा. लोह कमी असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडाही फसवा येऊ शकतो, हे साखरेच्या डॉक्टरांना नम्रपणे सुचवा. नम्रपणे हा शब्द महत्त्वाचा.

गोतावळ्यात थायरॉइडही असेल तर त्याची गोळी उपाशीपोटी, लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, स्टिरॉइड नाश्त्यानंतर. हे सगळं एका सकाळी बसवून दाखवणाऱ्याला रेल्वेचं वेळापत्रक करायला बोलावायला हरकत नाही. रेल्वेचा विषय निघालाच आहे तर: मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो. कोणत्या स्टेशनवर तो कुठल्या टोकाला आहे आणि कुलूप नसतं कधी, ही माहिती विरारपासून चर्चगेटपर्यंत पाठ हवी. एसटीत बसल्याबरोबर कंडक्टरला सांगून ठेवा. लाजलात तर घाटात पस्तावाल. कंडक्टर मंडळी बहुधा समजूतदार असतात, निदान मावशीपेक्षा.

सल्ले अनेक येतील: बेलाचा मुरंबा, ताक, टेन्शन घेऊ नकोस. ताक सोसत असेल तर प्या.

धडा चौथा: डोळा. लाल झाला, दुखतोय, उजेड सोसवत नाही, तर मेडिकलमधून थेंब आणू नका. कोलायटिस आणि स्पॉन्डिलायटिस या दोन्ही आजारांत डोळ्याच्या आत सूज येऊ शकते आणि उशीर केला तर नजरेला धोका असतो. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ते दिव्याने तपासतील, कागद पुढे ओढतील आणि सहज विचारतील, ‘आणखी काही त्रास?’

खुर्ची ओढून नीट बसा. पिशवी टेबलावर ठेवा.