बहात्तर गावं आणि एक चादर

आमचे साडू अमेरिकेत मुलाकडे दोन महिने राहून डोंबिवलीला परतले, तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात एक जहाज घुसलं आहे. तीन डोलकाठ्यांचं, खरोखरीचं शिडाचं जहाज. सकाळी दहाला बंदरातून सुटतं, डेकवर पांढरे टेबलक्लॉथ, वर फडफडती शिडं, आणि खाली बशीत ब्रंच. व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला सदतीस फोटो दाखवले. त्यातल्या एकवीस फोटोंत जहाज त्यांच्या पोटामागे होतं.

"साडूबुवा, तुमच्या सिल्वासात असलं काही नाही, नाही का?" ते म्हणाले.

साडू या नात्याची गंमत अशी, की सख्खा भाऊ पुढे गेला तर माणसाला अभिमान वाटतो आणि साडू पुढे गेला तर ॲसिडिटी होते. मी एका यार्न कंपनीत स्टोअरकीपर आहे. दिवसभर बोबिनी मोजतो. मूळचा सिन्नरचा, त्यामुळे पाण्याशी माझं नातं टँकरपुरतं. तरीही तोंडातून निघून गेलं, "आमच्याकडे नाही? अहो, आमचं गावच मुळी जहाजाच्या बदल्यात गेलेलं आहे!"

हे मात्र खरं आहे, आणि मी ते भेटेल त्याला ऐकवतो. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या 'सांताना' नावाच्या फ्रिगेटचं नुकसान केलं. मग भरपाईचं घोंगडं सात वर्षं भिजत पडलं. १७ डिसेंबर १७७९च्या तहात पुणे दरबाराने बारा हजार रुपये वसुलाची गावं तोडून द्यायचं कबूल केलं, आणि १० जून १७८३ला नगर हवेलीची बहात्तर गावं पोर्तुगीजांच्या हाती गेली. गादीवर तेव्हा सवाई माधवराव, वय वर्षं नऊ. एका जहाजापायी बहात्तर गावं! आजकाल गाडीला धक्का लागला तर माणसं बंपरवर मिटवतात.

"मग दाखवा की जहाज," साडू म्हणाले. "पुढच्या शनिवारी आम्ही दोघं येतोच आहोत."

फोन ठेवल्यावर बायकोने फक्त एवढंच विचारलं, "अहो, सिल्वासात समुद्र कुठे आहे?"

समुद्र नाही. तो पंचवीस-तीस किलोमीटरवर दमणला आहे. पण दमणगंगा आहे, तिच्यावर मधुबन धरण आहे, धरणामागे डोंगरांत शिरलेलं अथांग पाणी आहे आणि त्या पाण्यावर दुधनीला काश्मिरी थाटाचे शिकारे आहेत. रंगीत छत, गाद्या, पडदे. डोलकाठी तेवढी नाही. पण डोलकाठी ही काय सागवानाचीच लागते? मी मनात बांबू पाहून ठेवला.

आता ब्रंच. हा शब्द आमच्या घरात तोवर नव्हता. आमच्याकडे आठला पोहे आणि साडेअकराला जेवण. मधल्या वेळात खाणाऱ्याला हावरट म्हणतात. "नाश्ता आणि जेवण एकत्र," असं मी समजावल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे गॅस संपतो त्या दिवशी करतो तसं." कोकणात दहा वाजता पेज घेतात तेच हे, असाही युक्तिवाद मी करून पाहिला. शेवटी थालीपिठं, लोणी, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ आणि दह्यातली कोशिंबीर यांवर तह झाला. उसळीला रस्सा ठेवू नकोस, हे सांगायचं मी विसरलो. पुढच्या सगळ्या इतिहासात हे कलम महत्त्वाचं आहे.

माझी तयारी वेगळी होती. दमणच्या किनाऱ्यावर घेतलेली, सोनेरी नांगर चिकटवलेली कप्तानाची टोपी मी माळ्यावरून काढली. नायलॉनच्या चार नाड्या घेतल्या. आणि शिडासाठी कपाटातून एक सोलापुरी चादर उचलली. मोरांची. दोन्ही काठांना मोरांच्या रांगा, मधे निळी-पांढरी नक्षी. ती सासूबाईंनी लग्नात दिलेली होती, हे मला माहीत होतं. ती वीस वर्षांत एकदाही न वापरता जपून ठेवली आहे म्हणजे ती नको आहे, असा माझा समज होता.

शनिवारी सकाळी निघालो. दुधनी सिल्वासाहून खानवेलमार्गे चाळीसेक किलोमीटर. खानवेलच्या पुढे रस्ता वळणं घेऊ लागला आणि साडूंना भूक लागली. "जहाजावर खायचंय," मी म्हणालो. "एकेक थालीपीठ घेऊ," ते म्हणाले. ब्रंचचा पूर्वार्ध असा गाडीतच आटोपला. लोण्याचे डाग माझ्या पांढऱ्या पँटवर पडले, आणि कप्तान नांगर उचलण्यापूर्वीच आचाऱ्यासारखा दिसू लागला.

दुधनीला पाणी पाहून मात्र साडूही गप्प झाले. हिवाळ्यातलं सकाळचं पाणी, हिरवं, एक सुरकुती नाही. काठाने पाणी ओसरून उघडा पडलेला तांबडा चिखल, त्यात बुडालेल्या झाडांचे खुंट. नावाडी पंचविशीतला पोरगा, वारली. त्याने आम्हाला नारिंगी लाइफ जॅकेटं दिली. माझा पट्टा पोटावर येऊन पुढे सरकेना. त्याने काही न बोलता माझ्याच चारातली एक नाडी घेऊन पट्ट्याला जोड दिला. म्हणजे मोहीम सुरू होण्याआधीच एक दोर खर्ची पडला.

शिकाऱ्यात पाय ठेवताच तो डावीकडे कलला. मी "अगं आई!" म्हणालो. हे कप्तानाला शोभणारं नव्हतं, म्हणून लगेच इतिहासाकडे वळलो.

"साडूभाऊ, तुम्ही पाहिलंत ते जहाज कुठल्या लाकडाचं होतं?"

"नाही बुवा विचारलं."

"विचारायला हवं होतं! आपल्या नगर हवेलीचं सागवान म्हणजे काय चीज आहे! दमणच्या गोदीत पोर्तुगीजांनी 'दों फर्नांदो' नावाचं पन्नास तोफांचं फ्रिगेट बांधलं ते याच रानातल्या सागाचं. १८४३ला पाण्यात उतरलं. पोर्तुगाल ते हिंदुस्थान ही शिडांची वाट चालणारं त्यांचं शेवटचं लढाऊ जहाज. १९६३ला आग लागून जळालं, तरी सांगाडा टिकला! दुरुस्त केलं आणि आज लिस्बनसमोर नदीच्या पलीकडच्या काठाला म्युझियम म्हणून उभं आहे."

"म्हणजे जहाज पाहायचं तर लिस्बनला जायला हवं," साडू म्हणाले.

हा मुद्दा मला सुचला नव्हता. आपल्या नौदलाचंही 'तरंगिणी' आहे, गोवा शिपयार्डमध्ये बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं, २००३-०४मध्ये जगाला वळसा घालून आलेलं, असं मी पुढे रेटलं. तिथे ब्रंच मिळतं का, असं वहिनींनी विचारलं. (मेव्हणीला मी वहिनी म्हणतो. ते चूक आहे, पण लग्नात एकदा तोंडून गेलं ते राहिलं.) तेव्हा मी ठरवलं, आता शीड उभारायचंच.

नावाडी म्हणाला, "साहेब, ही वल्ह्यावर चालते."

"आज वाऱ्यावर चालेल."

"आता वारा नाही. अकरानंतर येतो, डोंगरातून. तेव्हा आपण काठाला असतो."

माणूस एका वाक्यात हवामान, भूगोल आणि शहाणपण सांगत होता. मी त्यातलं फक्त 'अकरा' ऐकलं. पावणेअकरा झाले होते. काठावरून मागून आणलेला बांबू मी छताच्या पुढच्या खांबाला दोन नाड्यांनी आवळला, चादरीचं एक टोक वर बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला गुंडाळलं. बायको मागच्या गादीवर डबे उघडत होती. तिने वर पाहिलं. मोर पाहिले. तिच्या हातातला उसळीचा डबा तसाच राहिला.

"ती आईची चादर आहे," ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात, की मला तेव्हाच पाण्यात उडी मारायला हवी होती.

सोलापुरी चादर अंगावर घेतली की जड वाटते. वाऱ्यावर धरली की माणसाला कळतं, जड आपण नव्हतोच. अकराच्या सुमाराला डोंगराच्या खिंडीतून वारा आला. आधी पाण्यावर एक काळपट पट्टा सरकत आला, मग पडदे हलले, मग मोर फुगले. दोन क्षण शिकारा खरोखर पुढे सरकला. वल्हं न मारता! मी "सुकाणू धरा!" असं ओरडलो. शिकाऱ्याला सुकाणू नव्हतं. मग तो पुढे जायचा थांबला आणि आडवा सरकू लागला, फरशीवरून साबण सरकतो तसा.

याचं कारण मी नंतर वाचलं. शिडाच्या जहाजाला तळाशी उभा कणा असतो, दर्यावर्दी लोक त्याला पठाण म्हणतात. तो पाणी कापत धरून ठेवतो, म्हणून वारा कुशीवरून आला तरी जहाज नाकासमोर जाऊ शकतं. शिकाऱ्याचा तळ परातीसारखा सपाट. त्याला शीड लावणं म्हणजे पाटाला बैल जुंपणं. साडूंच्या जहाजाला पठाण होता. आमच्या शिकाऱ्यावर मी होतो.

"सोडा, साहेब, सोडा!" नावाडी ओरडत होता. सोडणार कसं? मनगटाला तीन वेढे आणि वर गाठ. ती गाठ मी यार्नच्या बाचक्यांना मारतो ती होती, आणि ती सुटू नये यासाठीच कंपनी मला पगार देते. पुढच्या खांबातून आधी बारीक करकर ऐकू आली, मग पापड मोडल्यासारखा एकच स्वच्छ आवाज. खांब मुळापासून चिरला. बांबू, छताची कोरीव झालर, चादर आणि चादरीला बांधलेला मी असे सगळे एकत्र मागे आलो. मागे डबे होते. उसळीचा रस्सा गाद्यांवर, कोशिंबीर साडूंच्या अमेरिकी बुटांत, आणि थालीपिठांचा डबा सरळ पाण्यात. तो लगेच बुडाला नाही. थोडा वेळ ऐटीत तरंगला. त्या सकाळी आमच्या ताफ्यातलं तेवढं एकच जहाज व्यवस्थित चाललं.

१९६१ साली दादरा-नगर हवेली भारतात सामील होताना सह्या करायला बदलानी नावाच्या अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं इथलं पंतप्रधान केलं होतं. माझं कप्तानपद चार मिनिटांचं झालं.

शिकारा काठाच्या चिखलात खुंटांमध्ये जाऊन रुतला. नावाडी उतरला, पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत. मी अख्खा वेळ लाइफ जॅकेट घट्ट धरून होतो. बुडायच्या भीतीने मी ज्या पाण्याकडे पाहत होतो, त्यात एक बगळा उभा होता.

काठावर भरपाईची बोलणी झाली. पोरगा वाद घालणारा नव्हता. खांब दाखवला, झालर दाखवली, रस्सा प्यालेल्या गाद्या दाखवल्या आणि गप्प उभा राहिला. त्या गप्प राहण्यापुढे पुणे दरबाराचंही काही चाललं नसतं. मी खिसे उलटे केले. साडेआठशे रुपये निघाले. पाचशेची एक नोट साडूंनी घातली, "इतिहासाला हातभार," असं म्हणत. तरी पुरेना. गाद्या धुऊन वाळेपर्यंत त्याची होडी बंद राहणार होती. तेव्हा त्याने चिखलात पडलेल्या चादरीकडे पाहिलं.

"ही राहू दे, साहेब. गादीवर घालीन."

मी बायकोकडे पाहिलं नाही. सही करून टाकली, म्हणजे मान हलवली.

परतीच्या वाटेवर खानवेलला आम्ही टपरीवर वडापाव खाल्ले. तेव्हा साडेबारा झाले होते. नाश्ता नाही आणि जेवणही नाही, म्हणजे व्याख्येप्रमाणे ब्रंचच. हे मी बोलून दाखवलं. कोणी हसलं नाही. साडूंनी मात्र डोंबिवलीला पोचल्यावर नातेवाइकांच्या ग्रुपवर माझे चाळीस फोटो टाकले. अमेरिकेच्या जहाजापेक्षा तीन जास्त.

पुढच्या थंडीत कंपनीची सहल दुधनीलाच निघाली, कुटुंबासह. मी पोट बिघडल्याचं सांगून पाहिलं, चाललं नाही. धक्क्यावर रांगेने शिकारे लागले होते. तिसऱ्या शिकाऱ्याच्या गादीवर मोरांच्या दोन रांगा. रंग थोडा उतरलेला, मधे हळदीचा डाग. मटकीचा.

"सोडवून आणा," बायको म्हणाली.

मी तिला समजावलं, की अशा गोष्टींना वेळ लागतो. १७८३ला गेलेली गावं परत यायला १९५४ उजाडलं. त्यासाठी सुधीर फडक्यांसारखा गाण्यातला माणूस ऐन पावसाळ्यात मोहिमेवर निघाला, लता मंगेशकरांनी निधीसाठी गाणी म्हटली, तेव्हा कुठे २ ऑगस्टला सिल्वासा सुटलं. एकशे एकाहत्तर वर्षं!

"तुम्हाला गाता येत नाही," ती म्हणाली आणि तिकिटाच्या खिडकीकडे चालू लागली.

आम्ही अर्धा तास त्याच शिकाऱ्यात बसलो, रीतसर भाडं भरून. सासूबाईंच्या चादरीवर बायको टेकून बसली, मी कडेला. नावाड्याने मला ओळखलं होतं. वल्हं उचलण्याआधी त्याने पडद्यांच्या चारही नाड्या सोडल्या, गुंडाळल्या आणि आपल्या खिशात ठेवल्या.