ड्राय बाल्कनीतला प्लेनर: एक आचारसंहिता

चाळिशी उलटली की शहरी मध्यमवर्गीय माणसाला तीनपैकी एक छंद जडतो: मॅरेथॉन, ट्रेकिंग किंवा सुतारकाम. पहिल्या दोहोंत गुडघे जातात, तिसऱ्यात बाल्कनी जाते. सुरुवात साध्या हातरंध्याने होते. दोन फळ्या रंधून झाल्या की खांदा भरून येतो, आणि तशा अवस्थेत मोबाइलवर एक दृश्य दिसतं: खडबडीत फळी एका बाजूने यंत्रात शिरते आणि दुसऱ्या बाजूने गुळगुळीत होऊन बाहेर पडते. प्रस्तुत मार्गदर्शन त्यापुढच्या माणसासाठी आहे. ज्याने अजून पैसे भरलेले नाहीत त्याने इथेच थांबावं आणि फळी उचलून वखारीत जावं. तिथला रंधा मशीनवाला चहा संपायच्या आत काम करून देतो. पण तुम्ही थांबणार नाही, हे आम्ही जाणतो.

खरेदीविषयी एकच सूचना: मशीन अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवू नये. एक तर टेबलावरचा प्लेनर वजनाला 28 किलोपासून 42 किलोपर्यंत असतो आणि विमानातली बॅग 23 किलोची. दुसरं म्हणजे तिकडची वीज 120 व्होल्टची. तिकडचं मशीन आपल्या 230 व्होल्टवर लावलं तर काही क्षण अतिशय उत्तम चालतं. त्यानंतर जो वास येतो त्यावरून मजल्यावरचे सगळे शेजारी एकमेकांना ओळखू लागतात. इकडचं मशीनही सतराशे-अठराशे वॅटचं, म्हणजे सात-आठ अँपिअर ओढणारं असतं. त्याला गीझरसारखा मोठा पॉवर प्लग द्यावा. दिवाळीच्या माळांसाठी आणलेली एक्स्टेंशन वायर दिवाळीच्या माळांसाठीच ठेवावी.

आता जागा. चार फुटी फळी मशीनच्या आधी चार फूट मागते आणि नंतर चार फूट. मधल्या मशीनचे दोन धरून दहा फूट झाले. ड्राय बाल्कनी वॉशिंग मशीनसकट पाच फूट. तेव्हा फळीचं पुढचं टोक स्वयंपाकघरात, बरोबर दूध उतू जाण्याच्या वेळी अवतरणार, ही गोष्ट घरात आधीच सांगून ठेवावी. मशीन डुगडुगत्या टीपॉयवर ठेवू नये. जड टेबलाला बोल्टने आवळावं आणि फळी आत जाते तिकडे आणि बाहेर येते तिकडे आधार द्यावा.

आवाजाचं म्हणाल तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. प्लेनरजवळ उभं राहिलं तर आकडा 95 च्या पुढे जातो. 55 आणि 95 ऐकायला शेजारी-शेजारी वाटतात, पण डेसिबलच्या हिशेबात ही दहा हजार पट तीव्रता झाली. सोसायटीच्या सभेत हे गणित स्वतःहून मांडू नये. स्वतःच्या कानांवर मात्र इअरमफ चढवावा. 'मला सवय आहे' असं म्हणणाऱ्या जुन्या मिस्त्रींशी बोलताना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं, हे लक्षात असू द्यावं.

यापुढचा मजकूर मात्र ज्याला घाई आहे त्यानेच वाचावा, कारण सगळा घोळ इथे होतो. प्लेनर फळी सरळ करत नाही. पुन्हा सांगतो: सरळ करत नाही. त्याच्या पोटात एक दंडगोल असतो. त्यावर दोन किंवा तीन पाती बसवलेली असतात आणि तो मिनिटाला आठ ते दहा हजार फेरे घेतो. पात्यांच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन रोलर फळीला खाली दाबून पुढे ओढतात. फळीची खालची बाजू बरोबर आहे अशी या यंत्राची अढळ श्रद्धा आहे, आणि वरची बाजू ते खालच्या बाजूशी समांतर करून देतं, बस्स. बाक आलेली फळी आत गेली की रोलर तिला दाबून तात्पुरती सरळ करतात, पाती तिला तासतात, रोलर सोडतात आणि फळी मूळ पदावर येते. गेली तेव्हा ती वाकडी होती. आली तेव्हाही वाकडीच आहे, फक्त आता सगळीकडे सारख्या जाडीची आहे.

यावर उपाय आहे, पण तो कंटाळवाणा असल्यामुळे मोबाइलवरच्या दृश्यात दिसत नाही. जाड प्लायचा एक सपाट तुकडा घ्यावा. त्यावर फळी ठेवून चारही कोपरे दाबून पाहावेत. जिथे डुगडुगते तिथे पातळ पाचर सरकवावी आणि गरम गोंदाच्या बंदुकीने चिकटवावी. फळी मागे सरकू नये म्हणून प्लायच्या मागच्या टोकाला एक पट्टी ठोकावी, आणि ती फळीपेक्षा चांगली बुटकी ठेवावी, नाहीतर पाती आधी तिचाच समाचार घेतील. असं सगळं पाटावर बसवून, नवरदेवासारखं, आत पाठवावं. वरची बाजू सपाट झाली की पाचरी काढाव्यात, फळी उलटी करावी, आणि मग यंत्राला त्याची श्रद्धा निर्धास्त पाळू द्यावी.

लाकूड कुठून आणावं याबद्दल पुण्यात मतभेद नाहीत: पडलेल्या वाड्याचं जुनं सागवान. त्यासारखं लाकूड आता मिळत नाही हे खरं आहे, आणि त्यात जेवढे खिळे असतात तेवढे आता कोणी ठोकतही नाही. डोकं दिसणारा खिळा सज्जन असतो. ज्याचं डोकं गंजून गेलंय आणि देह आत राहिलाय, तो खरा घात करतो. तो शोधायचा तर फळी तिरप्या उजेडात धरून काळसर डाग पाहावेत. लोखंड आणि ओल यांनी मिळून लाकडावर ठेवलेली ती सही असते. मग त्यावर चुंबक फिरवावं. एक खिळा निसटला की पात्याला बारीक खाच पडते, आणि त्यानंतर जी म्हणून फळी बाहेर येते तिच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उंच रेघ असते. ज्या मशीनमध्ये पाती आडवी सरकतात तिथे एक पातं किंचित बाजूला सरकवावं. एकाची खाच दुसरं झाकून घेतं. घराण्याची अब्रू वाड्यातही अशीच राखली जात असे.

रंगवलेल्या फळ्या, माती-वाळू लागलेल्या फळ्या, नुकत्याच सँडपेपर मारलेल्या फळ्या आत घालू नयेत. प्लाय आणि पार्टिकल बोर्ड तर नाहीच नाही. त्यातला गोंद पात्यांची धार पाहता पाहता घालवतो. पोळ्या लाटायच्या पाटाएवढा आखूड तुकडाही नको: एक रोलर सोडायच्या आत दुसऱ्याने पकडला नाही, तर तो तुकडा मधल्या मध्ये स्वतंत्र होतो. साधारण 350 मिलिमीटरच्या खाली जाऊ नये; मशीनच्या पुस्तिकेत याहून मोठा आकडा असेल तर तो पाळावा. आणि छोट्या ठोकळ्यांचा आडवा छेद वर ठेवून चिकटवलेला तो सुंदर चॉपिंग बोर्ड? तो आत घालणाऱ्यांना त्याचे तुकडे खोलीच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत सापडतात.

फळी कोणत्या तोंडाने घालायची, हा पुढचा प्रश्न. हौशी माणूस ज्या हाताला जे टोक आलं ते घालतो. मिस्त्री फळीच्या कडेला ओलं बोट लावतात आणि डोळे बारीक करून रेषा पाहतात. त्या रेषा क्वचितच कडेला समांतर असतात. बहुधा त्या एकीकडून चढत दुसरीकडे जातात. प्लेनरची पाती वरून, फळीच्या चालीच्या उलट दिशेने, म्हणजे तुमच्याकडे येत कापतात. म्हणून कडेवरच्या रेषा तुमच्या दिशेने वर चढत आल्या पाहिजेत. उलटं घातलंत तर पाती रेषांच्या खाली शिरून लाकूड उचकटतात आणि सागवानावर देवी आल्यासारखे खड्डे पडतात. ते पॉलिशने भरत नाहीत. पॉलिशने ते चमकतात.

आणि मोह आवरावा. हँडल फिरवताना वाटतं, एकदाच तीन मिलिमीटर काढून टाकू. रुंद सागवानाला किंवा शिसमाला एका वेळी अर्धा मिलिमीटर पुष्कळ झाला, एक म्हणजे चैन. मोटरचा सूर खाली उतरला तर तुम्ही जास्त मागताय. दोन्ही बाजूंनी सारखंच तासावं. सगळं लाकूड एकाच बाजूने काढलं तर आतली ओल उघडी पडून फळी रातोरात पन्हळ होते, विशेषतः पावसाळ्यात. तासलेल्या फळ्या जमिनीवर पसरू नयेत. मध्ये बारीक काठ्या घालून, चहूबाजूंनी हवा लागेल अशा रचाव्यात.

फळीच्या दोन्ही टोकांना दोन-तीन इंचांत एक उथळ खळगा पडतो. त्याला स्नाइप म्हणतात आणि त्यावर जगभरचे सुतार धर्मचर्चेप्रमाणे वाद घालतात. कारण साधं आहे: टोकं जाताना फळीवर दोनांऐवजी एकाच रोलरचा दाब असतो आणि मोकळं टोक पात्यांकडे उचललं जातं. आत घालताना मागचं टोक आणि बाहेर येताना पुढचं टोक किंचित वर धरावं. किंवा फळी मुळातच सहा इंच जास्त लांब घ्यावी आणि मग कापून टाकावी. किंवा वाद घालावा.

वेशभूषा. हातमोजे नकोत, फिरत्या वस्तूने मोज्याचं टोक पकडलं तर ती हातासह ओढते. लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस, सगळं बाहेर ठेवून यावं. डोळ्यांवर चष्मा, नाकावर चांगला मास्क. लाकडाच्या बारीक धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे, आणि सागाच्या धुळीने काहींच्या कातडीला खाजही सुटते. फळीच्या रेषेत उभं राहू नये, बाजूला राहावं. ती कधीकधी आल्या वाटेने परत जाते. काम कसं चाललंय हे पाहायला वाकून आत डोकावू नये. सुटलेली गाठही नेमकी त्याच वेळी तुम्हाला पाहायला येते. फळी अडली तर मशीन बंद करावं, प्लग काढावा, डोकं वर घ्यावं (मशीनचं), आणि मगच हात घालावा. हात घालण्याआधी प्लग पाहावा. पाहिला असेल तर पुन्हा पाहावा.

पाती बदलताना मात्र जाड हातमोजे घालावेत, कारण तेव्हा ती फिरत नसतात, फक्त कापतात. बहुतेक पात्यांना दोन धारा असतात, एक संपली की उलटवायची. रोलरवर चीक बसला की फळी मध्येच थबकते. प्लग काढून स्पिरिटच्या फडक्याने पुसावा. तळाच्या पत्र्यावर मेण चोळावं, सिलिकॉनचा फवारा नको, नाहीतर पुढे पॉलिश धरत नाही. मोटरचे कार्बन ब्रश झिजतात. ठिणग्या वाढल्या की बदलावेत. पावसाळ्यात पत्रा आठवड्याला एकदा पाहावा.

राहिला भुसा. तो अपेक्षेच्या कितीतरी पट निघतो आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर त्यापुढे लगेच शरणागती पत्करतो. तो ओला कचरा की सुका, हा प्रश्न कचरागाडीवाल्या ताईंना विचारू नये. पोती भरून कंपोस्टवाल्याला द्यावीत. सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र पोतं नव्हे, पाट द्यावा. जाडी चारही कोपऱ्यांना मोजून दाखवावी. त्यांनी तो उलटा करून पाहिला तर गडबडून जाऊ नये: खालच्या दोन पट्ट्या बरोबर स्नाइपवर ठोकलेल्या असाव्यात.