आज कितवा नंबर?

गावातली माणसं सकाळी उठून आधी आभाळाकडे पाहतात, मग बांधीकडे. आमचे भाऊजी उठून मोबाइल पाहतात. हल्ली तो सगळेच पाहतात म्हणा. पण भाऊजींना त्यात ना व्हॉट्सॲप पाहायचं असतं, ना धानाचा भाव. रात्रभरात आपलं प्रतापगड कितव्या नंबरावर गेलं, एवढंच त्यांना पाहायचं असतं. चेहरा उजळलेला असला की ताई समजते, दोन नंबर चढलं. चहा तसाच थंड झाला की समजते, पडलं. गावानं त्यांचं नाव कधीच बदलून टाकलंय. पानठेल्यावर त्यांना सगळे ‘रँकभाऊ’ म्हणतात आणि रामराम घालण्याऐवजी विचारतात, “का भाऊ, आज कितवा नंबर?”

‘हे प्रतापगड साताऱ्याचं नव्हे.’ भाऊजींच्या संकेतस्थळावरचं हे पहिलं वाक्य, ठळक अक्षरांत. त्यांची सगळी कैफियत त्यात आली. आमचं प्रतापगड गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. डोंगर आहे, जुन्या किल्ल्याच्या खुणा आहेत, महादेव आहे, ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या नावाचा दर्गा आहे. जवळ गोठणगाव, इटियाडोह धरण आणि १९७२ साली वसलेली तिबेटी वसाहत. थोडं पुढे गेलं की नवेगावबांध, जिथं मारुती चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी करता करता पाखरांचा संसार लिहून काढला. एवढी श्रीमंती. आणि गूगलमध्ये ‘प्रतापगड’ टाकलं की समोर येतो कोण? अफजलखान!

१० नोव्हेंबर १६५९ ला जे झालं ते चौथीच्या पुस्तकात आहे. त्या गडाशी नंबरासाठी झुंजायचं धाडस आजवर कोणी केलं नसेल; भाऊजी गेली काही वर्षं करताहेत. बरं, खान ओलांडला तरी सुटका नाही. पुढे उत्तर प्रदेशातला प्रतापगढ जिल्हा आवळे घेऊन उभा. त्याच्या बाजूला राजस्थानातला प्रतापगढ, तो तर २००८ साली जिल्हा झालेला, म्हणजे काल आलेला पाहुणा. “त्याहीचा ढ अन् आपला ड,” भाऊजी कळवळून सांगतात, “पन इंग्रजीत लेहलं का सारे एका माळेचे मणी.”

पोटापाण्याचा धंदा ऑनलाइन फॉर्मचा आणि झेरॉक्सचा. धान खरेदीच्या नोंदणीला म्हातारे सातबारा घेऊन बाकावर बसलेले असतात आणि भाऊजी पडद्याकडे टक लावून म्हणतात, “थांबा जी बाबा, क्रॉल होऊन राहिलं.” बाबा बिचारे बाकाखाली पाहतात, काय सरपटतंय म्हणून.

त्यांचं पहिलं अवजार म्हणजे गूगलचं सर्च कन्सोल. फुकट मिळतं आणि व्यसन लावतं. त्यात चार आकडे: इम्प्रेशन, क्लिक, त्यांचं शेकडा प्रमाण आणि सरासरी स्थान. शोधाच्या यादीत आपलं नाव नुसतं आलं, समोरच्यानं तिथवर बोट सरकवलं असो वा नसो, की एक इम्प्रेशन जमा. म्हणजे लग्नाच्या पत्रिकेत खाली ‘आपले नम्र’मध्ये आपलं नाव छापलं जातं, तसं. कोणी वाचत नाही, पण छापलेलं असतं. सरासरी स्थानाची गंमत आणखी वेगळी. एका शब्दावर पहिला आणि दुसऱ्यावर एक्याऐंशीवा असेल तर यंत्र सांगतं एक्केचाळीस. आणि त्या एक्केचाळिसाव्या जागेवर माणूस कुठंच नसतो. भाऊजी ‘प्रतापगड गोठणगाव झेरॉक्स’ या शब्दांवर पहिले आहेत. महिन्याला एक इम्प्रेशन, एक क्लिक. तो क्लिक कोणाचा, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

मग फुकटावर भागेना. परदेशी कंपनीचं दुसरं अवजार आलं, ज्याचे पैसे दरमहा डॉलरमध्ये जातात. ते कुठल्याही शहरातून आपण कितवे दिसतो ते सांगतं. भाऊजींचा सगळा भूगोल तेव्हापासून फिरला. पुणं म्हणजे ८७, नागपूर म्हणजे ४१, अर्जुनी म्हणजे ३. नागपूरला माझ्या घरी आले तरी आधी म्हणणार, “तुमच्याकडे काल घसरलं बरं का,” जशी काही मीच चाळीसच्या वरची मंडळी अडवून ठेवली आहेत. ताईनं एकदाच तोंड उघडलं. “मले सांगा जी, धान आपला, डॉलर त्याहीचे, अन् नंबर कोनाचा?”

मधे एक सुखाचा काळही येऊन गेला. भाऊजी स्वतःच्या मोबाइलवर पहिले दिसू लागले. पानठेल्यावर पेढे वाटले. त्याच संध्याकाळी मी तिथं होतो आणि माझ्या हातून पाप घडलं. मी म्हटलं, “भाऊजी, मोबाइलला धन्याची सवय ठाऊक असते. तुम्ही दिवसातून चाळीसदा तेच उघडता, तो बिचारा तेच वर आणून देतो. गुप्त खिडकीतून पाहा.” त्यांनी पाहिलं. पहिल्या पानावर खान, दुसऱ्यावर बुरूज, तिसऱ्यावर महाबळेश्वरची हॉटेलं. पुढचे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पेढे मात्र मी खाल्ले होते, ते परत करता येईनात.

पण खरा घाव बसला तो सप्टेंबर २०२५ मध्ये. एका झटक्यात शंभर निकाल मागवायची जी पळवाट नंबर मोजणारी यंत्रं वापरत, ती गूगलनं बंद केली. आणि जगभरच्या कित्येक संकेतस्थळांची इम्प्रेशनं धाडकन आपटली. सरासरी स्थान मात्र सुधारलं! या विषयातल्या जाणकारांनी त्याचा अर्थ लावला तो असा: आजवर जे ‘पाहणारे’ मोजले जात होते त्यात पुष्कळशी माणसं नव्हतीच, ती नंबर मोजायला आलेली यंत्रं होती. भाऊजींसारख्यांनीच पैसे भरून पाठवलेली.

मला आमची दंडार आठवली. रात्रभर मांडव गच्च भरलेला, नाचणाऱ्याला हुरूप आलेला; आणि पहाटे कळावं, की समोर बसलेले सगळे पुढच्या सोंगाचे गडी होते, तोंडाला रंग लावून आपापल्या पाळीची वाट पाहत होते. भाऊजींना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पन नंबर सुधरला ना?”

त्यांना खरी माणसं मिळत नाहीत असंही नाही. एकदा पुण्याहून फोन आला. महाबळेश्वरला उतरलोय, गडावर गाडी कुठपर्यंत येते, भवानीचं देऊळ किती वाजता उघडतं, किती वेळ लागेल? भाऊजी खोटं बोलत नाहीत. “अजी, एक दिवस अन् एक रात्र,” ते म्हणाले. तिकडून फोन आपटल्याचा आवाज आला. भाऊजींनी वही उघडून लिहिलं: ‘पुणे – फोन – १’. त्या आठवड्यात ते फार आनंदात होते.

महाशिवरात्रीला मी मुद्दाम गेलो. रस्त्याला पाय ठेवायला जागा नव्हती. एसट्या, ट्रॅक्टर, लेकरं खांद्यावर घेतलेले बाप, महादेवाचा गजर, दर्ग्याकडे निघालेल्या चादरी. एवढ्या गर्दीनं मोबाइलची रेंज मेलेली. दुकानात भाऊजी एकटे. पडद्यावरची रेघ कालच्या जागेवर आडवी पडलेली. आजचा पक्का आकडा यायला दोन-तीन दिवस लागतात, हे त्यांनीच मला शिकवलंय, तरी दर पाच मिनिटांनी बटण दाबत होते. डोंगर दाराच्या चौकटीत पुरा दिसत होता, पण त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून आहे.

इतक्यात उन्हानं लाल झालेली एक म्हातारी पायरीवर टेकली. “बाबू, पानी देजो. अन् महादेवाले कोन्या वाटेनं जाऊ?”

भाऊजी ताडकन उठले. एवढ्या वर्षांत प्रतापगड शोधत आलेलं पहिलं माणूस त्यांच्या दुकानात चालत आलं होतं. पाण्याचा गडवा तिच्या हाती देता देता त्यांनी विचारलं, “आजी, एक सांगा, तुमी काय टाकून आले?”

म्हातारीनं पिशवी छातीशी धरली, आत चाचपून पाहिलं. “नारळ टाकला, बेल टाकला. अन् नातवासाठी मुरमुरे टाकले.”

भाऊजींनी वही ओढली आणि शब्दांच्या यादीत, ‘किल्ला’च्या खाली, सावकाश लिहिलं: नारळ. बेल. मुरमुरे.