गमबूट आणि बांध

आपण जिला प्रदक्षिणा म्हणतो तिला इंग्रज लोक वॉक म्हणतात. आपल्या प्रदक्षिणेच्या मधोमध देव असतो, त्यांच्या वॉकच्या दोन्ही टोकांना पब. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी पहिल्याच टोकाला बसून राहिलो असतो.

नॉटिंगहॅमला लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले होते. मी डिशवॉशर कसा भरतो, हा घरात चर्चेचा विषय झाला होता. तेव्हा जावईबापू म्हणाले, "बाबा, रविवारी लॅक्स्टनला जाऊ. जुन्या पद्धतीची शेती बघायला मिळेल." शेतीतून सुटका व्हावी म्हणून ज्याने कोरेगाव तालुक्यात कंदिलाखाली अभ्यास केला, त्याला शेती दाखवायला सातासमुद्रापार नेणार! पण जावयाला नाही म्हणता येत नाही. गमबूटही त्यांचेच. त्यांचं माप दहा, माझं सात. "दोन मोजे घाला, बसतील," असं ही म्हणाली. ही स्वतः गाडीत हीटर लावून बसणार होती.

डव्हकोट इन नावाच्या पबापासून निघालो. चर्च पाहिलं. त्यामागे नॉर्मन काळातला किल्ला आहे, म्हणजे गवत उगवलेला मातीचा उंचवटा. सज्जनगडाच्या पायऱ्या चढलेल्या माझ्या गुडघ्यांनी हा अपमान मुकाट्याने गिळला. पुढे कुंपण आलं. ते ओलांडायला फळ्या ठोकलेल्या असतात, त्यांना तिकडे 'स्टाइल' म्हणतात. बासष्टाव्या वर्षी मी ती ज्या रीतीने ओलांडली, तिला दुसरं काहीही म्हणा.

आणि मग शेत आलं. मार्च महिना, रात्रभर पाऊस आणि चिकणमाती. चौथ्या पावलाला डावा पाय वर आला, गमबूट आला नाही. पाय हवेत, बूट जमिनीत आणि मी बगळ्यासारखा एका पायावर. आधार घ्यायला बांध शोधू लागलो, तर बांधच नाही! कुंपण नाही, झुडूप नाही, दगड नाही. नजर पोचेल तिथवर गव्हाचे हिरवे पट्टे, एकाला एक चिकटून.

"अहो, बांध कुठाय?" मी ओरडलो.

"तीच तर गंमत आहे, बाबा," जावई उत्साहाने म्हणाले, आणि मी एका पायावर असताना त्यांनी इतिहास सुरू केला. इंग्लंडमध्ये पूर्वी गावोगावी अशीच मोकळी शेतं होती, एकेका शेतात अनेकांचे पट्टे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटने कायदे करकरून ती वाटली आणि कुंपणं घातली. लॅक्स्टन उरलं. याचं एक कारण असं सांगतात की इथल्या दोन बड्या जमीनदारांचं आपसात पटेना, म्हणून वाटणी लांबत गेली. (हे ऐकून मला प्रथमच घरच्यासारखं वाटलं.) वेस्ट, मिल आणि साउथ अशी तीन शेतं. एका वर्षी गहू, दुसऱ्या वर्षी वसंतातलं पीक, तिसऱ्या वर्षी जमिनीला विश्रांती. १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने पट्टा न् पट्टा नकाशावर उतरवला. त्या नकाशात नांगरणारी माणसंसुद्धा काढली आहेत. तो आता ऑक्सफर्डला बॉडलियन ग्रंथालयात आहे. १९५२ साली सरकारच्या शेती मंत्रालयाने ही इस्टेट विकत घेतली, तेव्हा...

"जावईबापू, पाय!"

तेवढ्यात एक बाई कुत्रा घेऊन आल्या. कुत्रा माझ्या मोज्याला हुंगून गेला. बाईंनी माझ्याकडे, बुटाकडे आणि आभाळाकडे पाहिलं. "जरा ओल आहे, नाही?" असं म्हणून त्या निघून गेल्या. गुडघाभर चिखलात रुतलेल्या माणसाला जरा ओल! या लोकांनी राज्य कसं केलं ते त्या क्षणी कळलं.

"पण बांध नाही तर शेजारी कोरत नाही का?" मी विचारलं. या विषयात मला रुतलेल्या पायापेक्षा जास्त रस होता.

"कोरतो की!" जावई म्हणाले. दरवर्षी नोव्हेंबरअखेरीस गावातल्याच शेतकऱ्यांची ज्युरी गव्हाच्या शेतात फिरते, खुंट्या ठोकते, नांगर हद्दीबाहेर कुणी घातला ते बघते. मग त्याच पबात जेवण. आठवड्याभराने 'कोर्ट लीट' भरतं, दंड कायम होतो, पुढच्या वर्षीची ज्युरी नेमली जाते. एका आठवड्यात निकाल!

आमच्या अण्णांचा आणि तात्यांचा बांधाचा दावा एकोणीस वर्षं चालला. दोघे सख्खे भाऊ. भांडण दीड हाताचं. अण्णा गेले तेव्हा त्यांना रानातच दहन दिलं. तात्या आले नाहीत. ते आपल्या बाजूला, बांधाला लागून, टोपी हातात धरून उभे होते. आग विझेपर्यंत हलले नाहीत, आणि बांध ओलांडून अलीकडेही आले नाहीत. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. अलीकडे या म्हणायला मी जायला हवं होतं.

"बाबा, दुखतंय का?"

"नाही, ओल आहे जरा."

मग जावयांनी मला काखेत हात घालून उपसलं आणि बूट वेगळा उपसला. आतला एक मोजा काही केल्या मिळाला नाही. उरलेली फेरी मी एका पायात एक आणि दुसऱ्यात दोन मोजे घालून पुरी केली. हिने काच खाली करून विचारलं, "कसं होतं?" आणि उत्तराआधीच सीटवर वर्तमानपत्र पसरलं.

मोजा अजून लॅक्स्टनलाच आहे. कुणाच्या पट्ट्यात, ते ज्युरीने ठरवावं. तुम्ही जाणार असाल तर बूट आपल्या मापाचे न्या.