तीन पॉइंट कव्हर

यवतमाळ जिल्ह्यात समुद्र सोडून सगळं आहे, असं भाऊंचं मत आहे. समुद्राची उणीव ते दर हिवाळ्यात एक ट्रॅव्हल्स भरून कोकणात नेऊन दूर करतात. धंदा कृषी केंद्राचा. पण कापूस विकला जाऊन लोकांच्या हाती पैसा आला, की बियाण्यांच्या पोत्यावर बसूनच ते बेत जाहीर करतात: "सकाळी देवमासा, दुपारी बीच, संध्याकाळी धबधबा. एकाच दिवसात तीन पॉइंट कव्हर. तुमी फक्त बॅग भरा, राजेहो!" व्हॉट्सॲपवरच्या पोस्टरवर देवमाशाची शेपटी आणि तिच्यावर हात जोडलेले भाऊ.

मालवण आठशे किलोमीटरच्या आसपास. जाण्यायेण्याचा वेळ भाऊ दिवसात धरत नाहीत. गाडी थांबते ती चहासाठी, नाहीतर कुणाच्या तरी खर्ऱ्यासाठी. कोकणात आपल्यासारखा घोटून मिळत नाही, म्हणून खर्ऱ्याच्या पुड्या रोडग्यांच्या डब्याहून जपलेल्या असतात.

कोकणात कुठला देवमासा, अशी शंका कुणीतरी काढतंच. "गणपतीपुळ्याले आलता ना, 2023 च्या नोव्हेंबरात!" आला होता, हे खरं. निळ्या देवमाशाचं ते पिल्लू वाळूत रुतलं, लोकांनी जिवाचं रान करून त्याला खोल पाण्यात सोडलं, तरी ते वाचलं नाही. एवढा मजकूर पोस्टरवर मावत नाही.

देवबागेतून सकाळी बोट निघते. इंजिन धडधडत असताना भाऊ सगळ्यांना ओठांवर बोट ठेवायला लावतात. टिपेश्वरच्या जिप्सीतली सवय. मग एक करडी पाठ वर येते आणि बुडते.

"हा तं डॉल्फिन हाय," एक काकू म्हणतात.

"काकू, डॉल्फिन म्हंजे दातवाला देवमासाच. विज्ञान हाय ते."

दुर्दैवानं विज्ञान भाऊंच्याच बाजूनं आहे. डॉल्फिन दात असलेल्या देवमाशांच्याच गटात मोडतो. काकू गप्प. पॉइंट कव्हर.

धबधब्यापुढे मात्र विज्ञान हात टेकतं. आंबोली कोसळते पावसाळ्यात, आणि तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. बोटी सुटतात तेव्हा आंबोलीचा जोर संपलेला. पण भाऊ परतताना गाडी पैनगंगेवर, सहस्रकुंडाला वळवतात. "धबधबा म्हनलो होतो. कोकनातला म्हनलो नवतो." दिवस कितवा, हे विचारायचं नसतं.

भाऊंच्या तावडीतून बोटवालाही सुटला नाही. "तुमच्याकडे वाघ आसत मां?" एवढंच त्यानं सहज विचारलं, आणि भाऊंनी भर समुद्रात बेत आखून दिला. "पोराबाळांसंगं या. सकाळी टिपेश्वरचा वाघ, दुपारी सहस्रकुंड. आन् बीचबिगर करमत नसन, तं संध्याकाळी आमचं निळोणा धरण. एकाच दिवसात!"

बोटवाल्यानं सुकाणू सोडून ॲडव्हान्स किती, ते विचारलं.